येतो म्हणून गेलेले

"चार्जर घेतलाय न्हवं?"

नवऱ्याशी समोरासमोर बोललेलं तिचं हे शेवटचं वाक्य. एप्रिल २०२१, पहाटेचे साडेचार, मिरज तालुक्यातलं एक गाव, दारात ॲम्ब्युलन्स. ऑक्सिमीटर ८६ दाखवत होता. नवरा स्वतःच्या पायांनी चालत गेला, दांडी धरून आत चढला आणि वळून 'येतो' म्हणाला. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं; चुकून कुणी म्हटलंच तर घरातलं दुसरं कुणीतरी दटावतं. तोही रीतीप्रमाणे 'येतो'च म्हणाला. अकराव्या दिवशी आला तो झिपच्या पिशवीतून, आणि तोही घरी नाही, परस्पर स्मशानात.

"मला लांब उभं केलं. हितनं त्या लिंबापतुर असंल," ती अंगणातल्या झाडाकडे बोट करून म्हणाली. "पिशवीवर पट्टी चिकटवलेली. पट्टीवर नाव. वाचलं तर नावात एक अक्षर चुकलेलं."

त्या चुकलेल्या अक्षरानं पुढची दोन वर्षं तिची पाठ सोडली नाही. मृत्यूचा दाखला आला, त्यावर नाव बरोबर होतं. पन्नास हजारांची सरकारी मदत खात्यात पडली. वर्षश्राद्ध झालं. तरी रात्री गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल हळू झाली की ती उठून बसायची. नवऱ्याचा फोन दर रविवारी चार्ज करून ठेवायची. "येडी न्हाय मी," हे तिनं मला दोनदा सांगितलं. "समदं कळतंय मला. पर बघितलं कुठं मी?"

या लेखासाठी फिरताना 'बघितलं कुठं मी' हे वाक्य वेगवेगळ्या बोलींत इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी मी त्याचीच वाट पाहू लागलो. साथीनं मनांचं काय केलं याचा अभ्यास करणारे रुग्ण, कुटुंबीय आणि आरोग्य कर्मचारी असे तीन कप्पे करतात. अभ्यासाला ते सोयीचं असेल. पण तिन्ही कप्प्यांतली माणसं बोलायला लागली की एकाच ठिकाणी येऊन अडखळतात. ते ठिकाण म्हणजे राहून गेलेला निरोप. आजाऱ्याला तो घेता आला नाही, घरच्यांना देता आला नाही, आणि दोघांच्या वतीनं जिनं तो कसाबसा उरकला ती सिस्टर तिसऱ्याच बेडकडे धावली.

आकडे एकदाच सांगून टाकतो. साथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंताविकार आणि नैराश्य सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२२ मध्ये जाहीर केलं. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात साथीमुळे थेट किंवा आडवाटेनं सुमारे ४७ लाख माणसं जास्तीची मेली, हा याच संघटनेचा अंदाज. सरकारी नोंद पाच लाखांच्याही आत. आपल्या सरकारला तो अंदाज मान्य नाही. वाद संख्याशास्त्रज्ञांनी घालावा. माझ्यापुरता प्रश्न एवढाच, की नोंदीत नसलेल्या माणसाचं सुतक कागदावर कुठून येणार? काही घरांत तर मृत्यूइतकाच 'तो कोविडच होता' हे सिद्ध करण्याचा खटाटोप माणसांना पिळून गेला. आरटीपीसीआरचा कागद कुठे, एचआरसीटीचा रिपोर्ट कुठे, दाखल करतानाची चिठ्ठी कुठे. रडायचं सोडून झेरॉक्स.

*

मिरजेकडच्या त्या बाईच्या अवस्थेला मानसशास्त्रात नाव आहे. पॉलिन बॉस या अमेरिकी संशोधिकेनं १९७०च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या बायकांशी बोलून ते दिलं. मराठीत त्याला 'अनिश्चित वियोग' म्हणता येईल. माणूस गेला म्हणावं तर देह नाही, आहे म्हणावं तर माणूस नाही. कोकणात होडीसह समुद्रात गेलेल्यांच्या घरांना हे नवं नाही. कोविडनं त्यात भर घातली ती अशी, की देह समोर होता, पण पिशवीत.

आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला स्वतःलाही उशिरा कळली. मृतदेह कसे हाताळावेत याच्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचना १५ मार्च २०२० रोजी निघाल्या, म्हणजे टाळेबंदीच्याही आधी. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की कर्मचाऱ्यांनी काळजी घेऊन पिशवीची चेहऱ्याकडची बाजू उघडावी आणि नातेवाइकांना शेवटचं दर्शन घेऊ द्यायला हरकत नाही. अंगाला हात न लावता पोथी वाचता येईल, पवित्र जल शिंपडता येईल. आंघोळ घालणं, मिठी मारणं, मुका घेणं नको. राखेपासून धोका नाही, अस्थी नेता येतील. इतकं सगळं सरकारी कागदावर, अगदी पहिल्या दिवसापासून.

मग गावोगाव चेहरा का दाखवला गेला नाही? कुणी दुष्ट होतं म्हणून नव्हे. भीती होती, माणसं कमी होती, स्मशानात रांगा होत्या, झिप उघडायला पीपीई किट घातलेला कर्मचारी लागायचा आणि तो आधीच सोळा तास उभा असायचा. शिवाय नियमाच्या पुढे दोन पावलं राहिलं की आपण सुरक्षित, ही आपल्या कचेऱ्यांची जुनी समजूत. मुंबईत ३० मार्च २०२० रोजी तर 'धर्म कोणताही असो, दहनच करा' असं परिपत्रक निघालं आणि काही तासांत मागेही घेतलं गेलं. परिपत्रकाचा निदान परतीचा प्रवास झाला. न पाहिलेल्या चेहऱ्याचा होत नाही.

त्या बाईला मी हा नियम सांगितला नाही. सांगायचा होता, वहीत लिहूनही नेला होता. धीर झाला नाही.

*

सिस्टर भेटल्या पुण्याजवळच्या एका शहरात. सरकारी नोकरीत एकोणीस वर्षं. रुग्णालयाचं नाव लिहू नका म्हणाल्या, आणि मीही लिहिणार नव्हतोच.

त्यांनी पहिल्यांदा सांगितलं ते पाण्याबद्दल. एकदा किट चढवलं की सहा तास, कधी आठ, पाणी बंद, कारण पाणी प्यायलं की बाथरूम आणि बाथरूम म्हणजे नवं किट. पाळीच्या दिवसांत काय करायचो ते तुमच्या दिवाळी अंकात छापता येणार नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, येईल की. त्यावर हसल्या आणि विषय बदलला. किटमध्ये सगळे सारखेच दिसत, म्हणून पाठीवर मार्करनं नावं लिहीत. पेशंटला नाव दिसायचं ते सिस्टर पाठ फिरवून जायला लागल्या की. "म्हणजे आम्ही कोण ते त्यांना आम्ही निघून जाताना कळायचं," हे त्या गंमत म्हणून सांगत होत्या. मला ती गंमत अजून पचलेली नाही.

मग फोन. पेशंटचे फोन पारदर्शक पिशवीत घालून, वर बेड नंबर लिहून काउंटरवर ओळीनं ठेवलेले. ते वाजायचे. पडद्यावर नावं उमटायची: घर, छकुली, पप्पा, राजू दूधवाला. घरी कळवायचं काम डॉक्टरांचं, आपण फोन उचलायचा नाही, असं ठरलेलं. माणूस गेल्यापासून घरी कळेपर्यंत अर्धा तास जायचा, कधी दोन तास. "तेवढ्या वेळात फोन वाजत राहायचा. आम्हाला माहीत, त्यांना नाही. बारा नंबरचा फोन असा वाजत होता, त्यावर 'आई' येत होतं. बारा नंबर साठ वर्षांचे होते. म्हणजे आई किती वर्षांची असेल बघा."

डॉक्टरांनी कळवल्यानंतर घरचे पुन्हा फोन करत, आणि या वेळी सिस्टरच हव्या असत. प्रश्न बहुतेक एकच: शेवटचं काही बोलले का?

व्हेंटिलेटरची नळी स्वरयंत्रातून खाली जाते. ती असेपर्यंत आवाज फुटत नाही. शिवाय माणूस औषधानं झोपवलेला, पुष्कळदा पोटावर पालथा घातलेला. कुणी काही बोलणं शक्यच नसतं. सिस्टर सांगायच्या, "तुमचं नाव घेतलं."

"किती जणांना सांगितलंत?"

"मोजलं नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "एकदा पंचाईत झाली. मी मुलीला सांगितलं तुझं नाव घेतलं, आणि नंतर मुलानं फोन केला, त्यालाही तेच सांगितलं. मग दोघं आपसात बोलले असणार. काही म्हणाले नाहीत. पण त्यांना कळलंच असेल."

चीनमधल्या ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ डॉक्टर-परिचारिकांची पाहणी मार्च २०२० मध्येच प्रसिद्ध झाली होती. निम्म्यांत नैराश्याची लक्षणं, सत्तर टक्क्यांहून अधिक जणांत मानसिक ताणाची. परिचारिका, स्त्रिया आणि थेट रुग्णांजवळ काम करणारे यांचे हाल सर्वांत जास्त. म्हणजे आपल्याकडे लाट यायच्या आधी पुढ्यात लिहून आलं होतं. पण ताण हा शब्द मला इथे अपुरा वाटतो. जोनाथन शे या मनोविकारतज्ज्ञानं व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना दुसरी एक कल्पना मांडली. आपल्या हातून, किंवा आपल्या डोळ्यांदेखत, जे व्हायला नको ते झालं आणि आपण ते थांबवू शकलो नाही, त्याची जखम भीतीच्या जखमेपेक्षा वेगळी असते. त्याला नैतिक जखम म्हणतात. भीती धोका टळला की ओसरू शकते. ही नंतर चिघळते.

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि किमान २२ रुग्ण गेले. त्या वॉर्डात तेव्हा ड्यूटीवर असलेल्या कुणाशीही मी बोललेलो नाही. बोलायला गेलो असतो तर काय विचारलं असतं, तेही मला सुचत नाही. दोनच दिवसांनी विरारच्या रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागली. आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत कोविडचे ११ रुग्ण गेले.

देशानं या मंडळींना 'योद्धा' म्हटलं. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी थाळ्या वाजल्या, ३ मे रोजी हवाई दलानं रुग्णालयांवर फुलं टाकली. मधल्या काळात, २२ एप्रिलला, आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले अजामीनपात्र गुन्हा ठरवणारा अध्यादेश काढावा लागला. थाळ्या आणि फुलं यांच्या मधोमध हा अध्यादेश आहे, हे विसरून चालणार नाही. योद्धा म्हटलं की आणखी एक सोय होते: त्यानं रडायचं नसतं. सिस्टरांच्या रुग्णालयात समुपदेशनाचं एक सत्र झालं. प्रोजेक्टर, दीर्घ श्वसन, दुपारी एक ते दोन. "ज्यांना गरज होती त्या ड्यूटीवर होत्या. ज्या बसल्या होत्या त्यांना जेवायचं होतं." कंत्राटी मुली तर लाट ओसरल्यावर घरीच गेल्या, ज्यांच्यासाठी फुलं उधळली त्यांना पुढच्या महिन्यापासून कामावर येऊ नका सांगायला एक व्हॉट्सॲप मेसेज पुरला.

तुम्हाला अजून त्रास होतो का, असं सरळ विचारलं तर सिस्टर नाही म्हणाल्या. मग सहज बोलता बोलता कुरियरच्या दुकानाची गोष्ट निघाली. भाचा बाहेरदेशी असतो, त्याला दिवाळीत फराळ पाठवायला गेल्या होत्या. चकली, कडबोळी, बेसनाचे लाडू. दुकानातल्या मुलानं खोका बंद करायला तपकिरी चिकटपट्टी खेचली, तिचा तो चर्र आवाज झाला. सिस्टर खोका तिथेच टाकून रस्त्यावर आल्या. पिशव्यांची तोंडं याच पट्टीनं बंद करायचे. भाच्याला त्या वर्षी फराळ मिळाला तो यजमानांनी नंतर जाऊन पाठवला म्हणून.

*

जे परत आले त्यांच्याबद्दल आपण समजतो की सुटले.

साताऱ्याकडचे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर. अतिदक्षता विभागात एकोणीस दिवस, त्यातले आठ व्हेंटिलेटरवर. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते त्या दिवसांत एका आगारात होते. रात्रभर गाड्या लागत, घंटा वाजत, पांढऱ्या कपड्यातले अनोळखी लोक येऊन तिकीट मागत आणि त्यांच्याकडे तिकीट नसे. "मी ड्रायव्हर आहे हो, मला कसलं तिकीट, असं ओरडून सांगतोय, पण तोंडातनं आवाजच निघंना. हात बांधलेले." एके रात्री त्यांना खात्री पटली की ही माणसं किडन्या काढणारी टोळी आहे. शुद्धीवर आल्यावरही एक सिस्टर जवळ आली की ते डोळे मिटून घेत. जिनं त्यांना आठ दिवस पाजलं, पुसलं, कूस बदलली, तिच्याबद्दल मनात उरली ती दहशत. याची त्यांना आता इतकी लाज वाटते की आभार मानायला जायचं म्हणून दोनदा एसटीत बसले आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेतून उतरून परत आले.

यात जादूटोणा काही नाही. रक्तात प्राणवायू कमी, गुंगीची औषधं, स्टेरॉइडचा मारा, शरीरभर दाह, दिवसरात्र सारखाच उजेड, खिडकी नाही, घड्याळ नाही, ओळखीचा चेहरा नाही. मेंदू त्यातून जमेल तशी गोष्ट रचतो, आणि ड्रायव्हरचा मेंदू आगार रचतो. मॉनिटरची टिकटिक ही त्यांची घंटा होती. आमच्या आजीच्या पिढीनं याला 'वात झाला' म्हटलं असतं आणि उशाशी कुणीतरी बसवलं असतं. आजचं शास्त्रही जवळपास तेच सांगतं: ओळखीचा आवाज ऐकवा, वार सांगा, चष्मा द्या, रात्री दिवे मंद करा. कोविड वॉर्डात नेमकं हेच शक्य नव्हतं. अतिदक्षता विभागातून बाहेर पडल्यावर महिनोन्महिने टिकणाऱ्या अशक्तपणाला, विसराळूपणाला, दचकण्याला एक सामाईक नाव गेल्या दीडेक दशकात मिळालं आहे, आणि त्यात घरच्यांचाही समावेश केलेला आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये २ लाख ३६ हजारांहून अधिक कोविड रुग्णांच्या, बहुतांशी अमेरिकेतल्या, नोंदी तपासल्या. सहा महिन्यांत सुमारे एक तृतीयांश जणांच्या नावापुढे मेंदूचं किंवा मनाचं काहीतरी निदान लागलेलं होतं. अतिदक्षता विभागात राहून आलेल्यांत हे प्रमाण निम्म्याच्या जवळ. त्यातल्या काहींना आधीपासून त्रास असणार, हे धरूनच आकडा वाचायला हवा.

स्कँडिनेव्हियातल्या रुग्णालयांत साथीच्या पुष्कळ आधीपासून एक साधी पद्धत आहे. बेशुद्ध रुग्णाच्या उशाशी एक वही असते. सिस्टर आणि घरचे त्यात रोज चार ओळी लिहितात: आज पाऊस होता, आज तुमची नळी बदलली, तुम्ही हात हलवलात. बरा झाल्यावर ती वही त्याच्या हाती देतात, म्हणजे आगाराच्या जागी खरे दिवस ठेवता येतात. ड्रायव्हरकाकांना मी हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "शेजारच्याचंही लिहितात का त्यात?"

शेजारच्या बेडवर पंचविशीचा मुलगा होता. शुद्धीवर असलेल्या पहिल्या दोन दिवसांत दोघांची दोस्ती झाली. त्याला टेम्पो घ्यायचा होता आणि कोणती कंपनी घ्यावी हा सल्ला तो काकांना विचारायचा. काका जागे झाले तेव्हा त्या बेडवर एक म्हातारी होती. "माझं काय राहिलं होतं सांगा? पेन्शन चालू, पोरी दिल्या. न्यायचं तर मला न्यायचं." हे वाक्य ते अनेकांना बोलून दाखवतात आणि सगळे त्यांना गप्प करतात, असं बोलू नये म्हणून.

*

लाज हा या साथीचा वेगळाच ताप. महाराष्ट्रात पहिले दोन रुग्ण जाहीर झाले ते ९ मार्च २०२० रोजी, पुण्यात. त्या दिवशी होळी होती. दुसऱ्या दिवशी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन त्या पुण्यातच गेल्या. आठवड्याभरात राज्यानं विलगीकरणातल्या लोकांच्या डाव्या हातावर शिक्के मारायला घेतले. ज्या साथरोग कायद्याच्या आधारे हे चाललं तोही १८९७ चाच, प्लेगच्या घरझडत्यांच्या काळातला. शिक्क्याची शाई दोन-तीन आठवड्यांत गेली. गल्लीच्या तोंडाला ठोकलेले पत्रे महिन्यांनी निघाले. पण 'त्यांच्यामुळे आला' हे वाक्य मात्र अजून कित्येक वाड्यांत, सोसायट्यांत राहतं आहे. एका आशाताईला तिच्याच भावकीनं हळदीकुंकवाला बोलावणं थांबवलं, कारण ती दारोदार फिरून पेशंट शोधत होती. असं दारोदार फिरण्यासाठी तिला साथीचा जादा भत्ता होता महिना हजार रुपये, म्हणजे दिवसाला तेहतीस. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या. पुढच्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. बोलावणं पुन्हा सुरू झालं का, असं मी तिला विचारलं. "गेल्या साली आलं. मी गेले न्हाई."

*

शोकाला मुदत किती असावी यावर जगात अजून एकमत नाही. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'प्रदीर्घ शोक' हा विकार म्हणून दाखल आहे. सहा महिन्यांच्या पुढेही माणूस त्यातून हलत नसेल तर मदतीची गरज आहे असं समजावं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ प्रौढांसाठी बारा महिने धरतात. आपलं पंचांग या दुसऱ्या पक्षाचं: दहावा, बारावा, तेरावा, मासिक, मग वर्ष. ही सगळी कर्मकांडं आहेत, हे मान्य. पण त्यात दुःखाला टप्पे होते आणि प्रत्येक टप्प्यावर घरात माणसं होती. खांदा द्यायला चार जण, सावडायला भावकी, दुखवटा काढायला माहेरचे. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये खांदा द्यायला कुणी नव्हतं. कित्येक ठिकाणी मुस्लिम तरुणांच्या गटांनी अनोळखी हिंदूंच्या चिता पेटवल्या. कावळा शिवला की नाही ते व्हिडिओ कॉलवर पाहिलं गेलं. स्मशानाच्या कपाटांत अस्थींची गाठोडी नाव लिहून वाट पाहत राहिली.

म्हणून विधी पुन्हा जसेच्या तसे आणावेत असं म्हणणाऱ्यांशी मला भांडायचं आहे. कारण एक विधी त्या काळातही चुकला नाही. नवरा पिशवीतून थेट स्मशानात गेला, पण बायकोच्या बांगड्या मात्र घरी फोडल्या गेल्या. अंतर राखून, मास्क लावून. मिरजेकडच्या त्या बाईच्याही. "ह्यास्नी बघायला कुणी दिलं न्हाई. कुकू पुसायला मातर चौघी आल्या."

तिथून फार लांब नाही, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही या वाटेनं जायला सांगणारं परिपत्रक काढलं. कोविडनं इतक्या तरुण बायका एकदम एकट्या केल्या होत्या की जुनी रीत गावालाच सोसवेना. राज्यात 'कोरोना एकल महिला' हा शब्दप्रयोग त्याच काळात रुळला. कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बायकांची जिल्हावार संघटना उभी केली, सरकारनं 'मिशन वात्सल्य' आणलं. पेन्शन, वारसनोंद, शाळेची फी. मनाचं काय, असं विचारलं तर एका कार्यकर्तीनं मला सुनावलं, "सातबाऱ्यावर नाव लागलं त्या रात्री आमची एक बाई वर्षात पहिल्यांदा झोपली. हे तुमच्या मनाच्या आजारात बसतं का बघा." बसतं. गोळीच्या आधी बसतं, असं माझं मत झालं आहे.

गोळी, समुपदेशन यांची व्यवस्था मात्र फार विरळ. मनोविकार असलेल्यांपैकी आजारागणिक सत्तर ते नव्वद टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, हे बंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दाखवलं होतं. साथ त्यानंतर आली. राज्यातली जुनी मोठी मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' आहे, १४४१६ हा नंबर, फुकट, मराठीतही बोलता येतं. मी ज्यांच्याशी बोललो त्यांपैकी तो नंबर दोघांना माहीत होता आणि त्यातला एक मेडिकल दुकानदार होता.

*

सिस्टरांना निघताना मी विचारलं, इतक्या वर्षांत कुणी परत आलं का, विचारायला?

एकजण आला. दोन वर्षांनी, विशीतला मुलगा, हातात पेढ्यांचा पुडा. नोकरी लागली होती. मोबाइलमध्ये वडिलांचा फोटो दाखवून म्हणाला, यांना ओळखता का, चौदा नंबरला होते. सिस्टरांनी फोटो बराच वेळ पाहिला. लग्नातला होता, फेटा बांधलेला. चौदा नंबरला पालथं ठेवलं असणार, तोंडावर नळ्या, पट्ट्या. "मी त्या माणसांच्या पाठी बघितल्यात. पाठ दाखवली असती तर कदाचित ओळखली असती." त्या 'ओळखते' म्हणाल्या. मुलानं नेहमीचा प्रश्न विचारला. पण या वेळी जुनं उत्तर तोंडातून निघेना. म्हणाल्या, बोलले नाहीत रे, नळी होती. पण एकटे नव्हते, आम्ही होतो.

तो काही म्हणाला नाही. बेड बघू का, एवढंच विचारलं.

तो वॉर्ड आता हाडांचा आहे. चौदा नंबरला एक आजोबा होते, पाय टांगलेला. मुलगा पायथ्याशी उभा राहिला. आजोबांनी विचारलं, कुणाचा रे तू? कुणाला बघायला आलास? मुलगा म्हणाला, कुणाला नाही, असाच. मग बस की, आजोबा म्हणाले, आणि त्यांनी इथलं वरण कसं पातळ असतं, सून कशी डबा आणत नाही आणि डॉक्टर रोज उद्या सोडतो म्हणतात, हे सगळं त्याला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. सिस्टर राउंडला गेल्या. औषधं वाटून, इंजेक्शनं देऊन परत आल्या तरी तो तिथेच होता. स्टूल ओढून बसला होता आणि आजोबांचा पेढा तोंडात विरघळेपर्यंत पाण्याचा ग्लास हातात धरून थांबला होता.